अठरा वर्षांची नोंद

गुलामी नुकतीच संपली होती, आणि गुलामीत लग्न झालेल्या जोडप्यांनी ऑगस्टअखेर कचेरीत जाऊन लग्नाची नोंद करावी, असा हुकूम निघाला होता. नाहीतर लग्न खरं धरणार नाहीत, असं सगळे म्हणत. हुकूम काढायला काय जातं! जुने मालक व्हिटलॉक यांच्या थोरल्या घरची स्वयंपाकीण केझाया महिनाभर एक दिवसाची सुट्टी मागत होती, आणि बाईसाहेबांकडे नेमके तेव्हाच पाहुणे टपकत होते.

बाईसाहेब म्हणायच्या, तुमचं लग्न आमच्याच ओसरीवर लागलं, साल आमच्या बायबलात लिहिलंय, आणखी कागद हवाय कशाला?

शेवटच्या दिवशीही त्यांनी बिस्किटांचा घाट घातलाच. त्या बिस्किटांचं पीठ अर्धा तास लाटण्यानं बडवावं लागतं. केझायानं असं काही बडवलं की टेबल हललं. मग लाटणं तिथंच टाकून ती नवऱ्याला, रॅन्समला, म्हणाली, "चल. खायची असतील त्यांनी बडवावीत."

नऊ मैल उन्हातून चालून दोघं रांगेत उभी राहिली. नंबर लागला तेव्हा दुपार टळली होती. कारकुनानं विचारलं, किती वर्षं एकत्र राहताय?

साल बायबलात, बायबल थोरल्या घरात, आणि यांना वाचायला शिकवलंय कुणी! वर्षं माहीत नसतील तर बाजूला व्हा, म्हणाला कारकून. केझायाच्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःच्या संसाराचं वय सांगायला परत त्या बाईच्या दारात जायचं?

"थांबा," ती म्हणाली. "लग्नानंतर वर्षानं आमची फीबी झाली. नऊ वर्षांची असताना बाईसाहेबांच्या नवऱ्यानं, मोठ्या साहेबांनी, तिला विकली. त्याला आठ उन्हाळे झाले. ते मला पक्के माहीत आहेत."

रॅन्समनं मान खाली घातली. कारकुनानं बोटांवर हिशेब केला, वहीत 'अठरा' लिहिलं आणि वाळू टाकून शाई टिपली.

"आता फीबीचं नाव लिहा," केझाया म्हणाली.

"मुलांचा रकाना नाही. चला, पुढचे कोण?"

रॅन्समनं तिचा दंड धरला, पण ती जागची हलली नाही.

"मग ते अठरा कुणाच्या जिवावर लिहिलेत, साहेब?"