आठवी ब चा पहिला तास

सोलापुरातल्या ज्या शाळेत मी गणित शिकवायला लागले, तिथलं वेळापत्रक वर्षानुवर्षं पर्यवेक्षक सर करायचे. बहात्तरचा दुष्काळ सरून पहिलं बरं वर्ष आलं होतं. त्या जूनमध्ये सरांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला आणि त्यांना चौकटीतली बारीक अक्षरं दिसेनाशी झाली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही गणिताच्या आहात. सरांकडून शिकून घ्या."

मला वाटलं होतं, वेळापत्रकात शिकण्यासारखं काय असणार? उभे रकाने, आडव्या ओळी, आत नावं. झालं.

सरांच्या घरी कन्नड बोलत. शिकवताना, समजावताना मधूनच "नोड्री" म्हणत, म्हणजे "बघा". वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, पाव मुलांच्या घरी कन्नड, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. त्यांनी मला तीन मोठे कागद आखायला लावले. एकावर शिक्षकांची यादी : कोण, कुठला विषय, कुठकुठले वर्ग. दुसऱ्यावर वर्गवार वेळापत्रक, म्हणजे सातवी अ ला सोमवारी पहिल्या तासाला कोण, दुसऱ्याला कोण. तिसऱ्यावर तेच उलटं करून शिक्षकवार.

"दुसरा कागद नीट झाला, की तिसरा त्यातनंच निघतो," सर म्हणाले. "तिसऱ्यात डोक्यानं काही घालायचं नाही. नोड्री, डोकं फक्त दुसऱ्यात. तिसऱ्यात नुसतं शोधायचं आणि उतरवायचं."

दुसरा कागद आम्ही दोघांनी मिळून केला. ते डोळे मिटून सांगायचे, मी पेन्सिलीनं लिहायचे. कोणाला सलग चार तास नकोत, गणित जेवणाच्या सुट्टीनंतर नको, कवायत उन्हाच्या वेळी नको. मग सर ऑपरेशनला गेले आणि तिसरा कागद माझ्या एकटीवर आला.

आमच्या शाळेत एकाच आडनावाच्या दोन बाई होत्या. एक हिंदी शिकवायच्या, एक विज्ञान. वर्गवार कागदावर मी सगळीकडे आडनावंच लिहिली होती. उतरवताना आडनाव वाचायचं, तिसऱ्या कागदाच्या कडेला उतरवलेल्या शिक्षकांच्या यादीवर वरून खाली बोट न्यायचं आणि ते आडनाव दिसलं की त्या ओळीत वर्ग लिहायचा, असं माझं चाललं होतं. यादीत हिंदीच्या बाई वर होत्या. कंटाळा आला तसं माझं बोट पहिल्या आडनावाशीच थांबायला लागलं. खाली आणखी एक तसंच आडनाव आहे, हे बोटाच्या लक्षात राहिलं नाही.

तिसऱ्या कागदावरून प्रत्येकाला त्याच्या तासांची चिठ्ठी दिली आणि सोमवारी नवं वेळापत्रक लागू झालं. तिसऱ्या तासाला हिंदीच्या बाई शिक्षकखोलीत परत आल्या, हातात पुस्तक तसंच.

"बाई, नववी अ ला मी कधीपासून?"

"तुमच्या चिठ्ठीवर आहे ना?"

"आहे की. म्हणून तर गेले. पोरं परीक्षानळ्या मांडून बसलीत. त्यांना मी काय, कबिराचे दोहे शिकवू?"

विज्ञानाच्या बाई खिडकीशी वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी आपली चिठ्ठी पाहिली. तिथं तो तास कोरा होता. त्या उठल्या आणि नववी अ कडे गेल्या. असं त्या आठवड्यात आणखी काही वेळा झालं. दर वेळी हिंदीच्या बाई दारातून माझ्याकडे बघून, "आता कुठं जाऊ?" असं विचारायच्या आणि बाकीचे हसायचे. मलाही हसावं लागायचं, पण घरी गेल्यावर जेवण गोड लागत नसे.

सर डोळ्यावर काळा चष्मा लावून परत आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आडनावं काढून टाका. प्रत्येकाला आकडा द्या. आडनाव दोघांचं असतंय, आकडा एकाचाच."

मी आकडे दिले. मग त्यांनी तपासायचं कसं ते शिकवलं. वर्गवार कागदावर कुठलाही एक तास धरायचा आणि सगळ्या वर्गांतून त्या तासाचे आकडे वाचत जायचं. जितके वर्ग तितके आकडे भरले पाहिजेत. एक कमी असेल तर कुठला तरी वर्ग मोकळा आहे. आणि एकच आकडा दोनदा दिसला, तर एक माणूस दोन वर्गांत उभा आहे. एवढं साधं होतं, आणि मला ते आधी सुचलं नव्हतं.

गैरहजर शिक्षकाच्या तासाला कुणाला पाठवायचं, तेही त्यांनी त्याच कागदांवर दाखवलं. तिसऱ्या कागदावर त्या तासाच्या रकान्यातून खाली यायचं. कोरी चौकट दिसली की डावीकडे सरकून आकडा वाचायचा. तो आकडा घेऊन पहिल्या यादीवर जायचं आणि नाव, विषय बघायचा. त्याच विषयाचा कुणी मोकळा असेल तर तो. नसेल तर त्या वर्गाला ओळखणारा. तोही नसेल तर त्या दिवशी ज्याचे तास सगळ्यांत कमी तो. क्रम हाच, मधलं काही गाळायचं नाही. सर म्हणत, "क्रम पाळला, की तुमच्यावर कुणी रागावणार नाही. रागावले तरी कागदावर रागावतील."

पुढे माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं असताना शाळेत संगणक आले आणि एक तरुण मुलगी आम्हाला तक्ते शिकवायला आली. एका तक्त्यातला क्रमांक घेऊन दुसऱ्या तक्त्यात शोधायचं सूत्र तिनं फळ्यावर लिहिलं आणि बजावलं, की तेच नाव दोनदा असेल तर सूत्र पहिल्याच नावाशी थांबतं. बाकीच्यांना ते अवघड गेलं. मी तिला म्हटलं, माझं बोटही थांबायचं. तिला ते कळलं नाही, आणि समजावून सांगायला वेळ नव्हता.

आकडे दिले त्या वर्षी त्यांवरून शिक्षकखोलीत थोडी कुरबूर झाली. हिंदीच्या बाई म्हणाल्या, "आम्ही काय तुरुंगात आहोत?" पण गोंधळ थांबला तशी कुरबूरही थांबली.

खरी अडचण भूगोलाच्या सरांची होती. ते होटगीहून रोज पॅसेंजरनं यायचे. तिथं त्यांची थोडी शेती होती, वडील अंथरुणाला खिळलेले होते, त्यामुळे शहरात खोली घेणं शक्य नव्हतं. गाडी वेळेवर आली तर ते घंटेआधी पोचत. पण मेलगाडीला वाट द्यायला तिला सिग्नलबाहेर थांबवून ठेवत. सर आठवी ब चे वर्गशिक्षक होते आणि आमच्याकडे नियम असा, की पहिला तास वर्गशिक्षकाचाच, कारण हजेरी तेव्हा होते. आठवड्यातून एक-दोनदा तरी आठवी ब चा दंगा मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू जायचा. घामाघूम होऊन सर धावत यायचे तोवर त्यांच्या नावापुढे लाल शेरा पडलेला असायचा.

एकदा ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. एरवी शुद्ध बोलायचे, पण त्या दिवशी गावाकडचं बोलणं आलं. "बाई, गाडी सिग्नलला हुबी ऱ्हाती, म्या काय करू? पहिला तास तेवढा मोकळा द्या की. तुमच्या हातात हाय."

माझ्या हातात काही नव्हतं. मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "गाडीचं वेळापत्रक मला बदलता येत नाही आणि शाळेचं मी बदलणार नाही. एकाला सवलत दिली की उद्या रांग लागेल."

मी पर्यवेक्षक सरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "सवलत मागायला जाता कशाला? अदलाबदल शोधा. ज्याला जे नको ते दुसऱ्याला हवं असतंय, नोड्री. विचारलंत का कुणाला?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. माझा सगळा जीव चौकटींत होता.

आठवी ब ला रोज जाणारं दुसरं कोण, ते आधी यादीवरून काढलं. विज्ञानाच्या बाई. त्यांना विचारलं, वर्गशिक्षक व्हाल का? त्या एकदम नाही म्हणाल्या. जूनमध्येच बाळंतपणाच्या रजेवरून आल्या होत्या आणि जबाबदारी वाढवायची त्यांची तयारी नव्हती. थोड्या वेळानं त्याच माझ्याजवळ आल्या.

"शेवटचा तास सुटणार असेल तर घेते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चार वाजल्यानंतर बाळ सासूबाईंना आवरत नाही."

शेवटचा तास भूगोलाच्या सरांना चालणार होता, त्यांची परतीची गाडी उशिराची होती. पण बाईंचा पहिला तास सातवी अ वर होता. तो कुणीतरी घ्यायला हवा. मी कागदाच्या बारीक चिठ्ठ्या केल्या, त्यांवर आकडे लिहिले आणि त्या चौकटींवरून सरकवत बसले. एक हलवली की दुसरीकडे तोच आकडा दोनदा यायचा. तो सोडवला की तिसरीकडे भोक पडायचं. रविवारी दुपारभर खटपट केल्यावर साखळी एका ठिकाणी येऊन थांबली : हिंदीच्या बाईंनी सातवी अ चा तास पाचव्याऐवजी पहिला घेतला, तर सगळं बसत होतं.

नेमक्या त्याच. सोमवारी मी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि सांगितलं, कुणासाठी हे चाललं आहे.

त्यांनी पाहिलं. "म्हणजे सकाळी सकाळी मला पळायचं."

"हो."

"एका अटीवर. ते आकड्यानं हाक मारणं बंद करायचं. परवा शिपाईसुद्धा मला अकरा नंबरच्या बाई म्हणाला."

मी कबूल झाले. कागदावर अकरा राहिलं, तोंडातून गेलं.

मुख्याध्यापकांनी तो कागद आपल्या टेबलावर पसरला आणि एकेका तासावर पेन टेकवत स्वतः तपासला. कुठं दुबार आकडा सापडतो का, ते बघत होते. आम्ही तिघं, म्हणजे मी, पर्यवेक्षक सर आणि विज्ञानाच्या बाई, समोर उभे. सापडला नाही.

"वर्षाच्या मध्येच वर्गशिक्षक बदलायचा?"

"नियम तसाच राहतो, सर," मी म्हणाले. "पहिला तास वर्गशिक्षकाचाच आहे. फक्त वर्गशिक्षक दुसरा."

त्यांनी पर्यवेक्षक सरांकडे पाहिलं. "महिनाभर बघू," मुख्याध्यापक म्हणाले. महिना गेला, तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

भूगोलाच्या सरांनी मला धन्यवाद वगैरे दिले नाहीत. भुईमूग निघाला तेव्हा एक पिशवी घेऊन आले आणि ओल्या शेंगा शिक्षकखोलीच्या टेबलावर ओतल्या. "खावा सगळ्यांनी," म्हणाले आणि तासाला निघून गेले. गाडी फार रखडली तर त्यांचा दुसरा तासही बुडायचा. पण तेवढ्यापुरतं कुणाला पाठवायचं, ते मला आता पटकन काढता यायचं.

वडील गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी अक्कलकोटच्या बाजूला दुसरी शाळा धरली. पर्यवेक्षक सर त्याच सुमारास निवृत्त झाले आणि वेळापत्रक कायमचं माझ्याकडे आलं. भूगोलाला माढ्याचे एक तरुण सर लागले. शहरातच खोली घेऊन राहणारे, सडेफटिंग. मला वाटलं, यंदा काम सोपं जाईल. कागद आखायला घेतले त्या दिवशी ते दारात येऊन घुटमळले. आई गावाकडे एकटी होती, दर शनिवारी त्यांना एसटी धरायची होती.

"शनिवारचा शेवटचा तास मोकळा मिळंल का, बाई?"

"बघते," मी म्हणाले. "बसा. भूगोल सोडून आणखी काय शिकवता येतं, ते आधी सांगा."