हौगांगमधला बंब

सिंगापूरमध्ये कढत पाण्याने अंघोळ करायला माणूस वेडा तरी हवा, नाहीतर माझे वडील तरी.

आई गेल्यावर मी अप्पांना पुण्याहून हौगांगच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. कायमचं. (अप्पांना तसं विचारायचं मात्र राहून गेलं होतं.) बाहेर अंगाची काहिली होत होती, आणि पहिल्याच सकाळी बाथरूममधून हाक आली, "श्रीधर, पाणी कोमट आहे रे!"

"अप्पा, हीटर चालू आहे."

"असेल. पण आपल्या बंबाची सर नाही."

आता मी पडलो मेकॅनिकल इंजिनियर! उभा जन्म सॉफ्टवेअरमध्ये गेला असला तरी पदवी अजून शाबूत होती. स्टुलावर चढून हीटरच्या टाकीचं झाकण काढलं आणि आतला थर्मोस्टॅट जरा पुढे सरकवला. दुसऱ्या सकाळी ऑफिसची बॅग खांद्याला लावून बाथरूमच्या दारातून विचारलं, "आज कसं काय पाणी?"

"कोमटच. आणि काय रे, तुझ्या ऑफिसात..."

"थांबा, अजून वाढवतो!" म्हणत मी एमआरटीची मेट्रो गाठायला पळालो.

थर्मोस्टॅट पार शेवटाला टेकला. हात धुताना मानसी, म्हणजे माझी बायको, किंचाळली. लेक इरा म्हणाली, "आजोबा, सो हॉट ऑलरेडी लाह! कॅन कुक नूडल्स!"

अप्पा ठाम. "कोमट. बस ना जरा. आपला बंब पेटवायला तुझी आई काय करायची, सांगतो..."

बसायला वेळ कुणाला होता? इथे माझ्या पदवीची अब्रू चालली होती!

मग मला साक्षात्कार झाला. उष्णता टाकीच्या पत्र्यातून निसटतेय! शनिवारी मी माझी योगा मॅट टाकीभोवती घट्ट गुंडाळली आणि वर चिकटपट्टी मारली. (घेतल्यापासून त्या मॅटला घाम फुटणार होता तो पहिल्यांदाच.)

"श्रीधर, हे सेफ आहे ना नक्की?" मानसीने विचारलं.

"आपल्यात इंजिनियर कोण आहे?"

मी हे म्हणायला आणि टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हने शिट्टी मारायला एकच गाठ पडली. आधी वाफ आली, मागोमाग उकळतं पाणी! मॅट सुटून माझ्या डोक्यावर, वरच्या छताची फळी बेसिनवर, आणि सगळ्या घरातली वीज गुल! घोटाभर पाण्यात मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा. तेवढ्यात दारावर थापा. खालच्या मजल्यावरची चिनी आंटी, हातात बादली.

"मिस्टर! युअर बाथरूम ऑलरेडी इन माय बाथरूम!"

 अप्पांनी माझा भाजलेला हात धरून स्वयंपाकघरातल्या नळाखाली नेला. कितीतरी वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परत जाईन म्हणतो."

"अहो, नवा हीटर येतोय अप्पा! मोठा!"

"हो का? चांगला असेल."

नवा हीटर आला, अप्पा गेले.

काही दिवसांनी मी पुण्यात धाकट्या भावाला फोन लावला. "हेमंत, अप्पांना कढत पाणी देतोस ना?"

"कढत? अरे, थंडच घेतात! अंघोळ उरकली की कोपऱ्यावर मित्रांच्यात जाऊन बसतात. जेवायला हाका माराव्या लागतात."

मी चाटच पडलो. "अप्पांना दे जरा." अप्पा आले. "अप्पा, मग इथेच तेवढं कढत पाणी का लागायचं हो तुम्हाला?"



"अरे, पाणी छान आहे म्हटलं असतं, तर तू दारात थांबला असतास का?"

मी फोन ठेवला. मानसीने विचारलं, "काय म्हणाले?"

"हीटर पहिल्या दिवसापासून ठीक होता म्हणाले," मी सांगितलं. इंजिनियर माणूस मी. उशिरा का होईना, बिघाड सापडला याचंच समाधान मानायचं!