पाय खाली हाय तवर हिरवी नाई

भीमराव तायडे मूर्तिजापूरकडचा माणूस. जयपुरात मालगाडीवर गार्ड होता, रिटायर होऊन तिथंच झोटवाड्यात राह्यला. तीस वर्सं हिंदीत काढली, पण वऱ्हाडी इतकुशी बी ढिली पडू देली नाई.

जयपुरातच मालवीय नगरात कंप्युटरच्या कंपनीत कस्तुरी नावाची पुण्याची पोरगी हाय. तिनं ग्रीस देशातल्या जुन्या पुराणावर नवा ऑपेरा बसवला. ऑपेरा म्हंजे भांडण बी गाण्यात अन् रडणं बी गाण्यात. गोष्ट अशी, का एका गवयाची बायको साप चावून मरते. गवई मेलेल्याइच्या मुलखात जाऊन गाते अन् तिले मांगून आणते. अट एकच, उजेडात येईस्तोवर मांगं वळून पाहाचं नाई. थो पाह्यते. बायको जाते ते जातेच.

कस्तुरीनं थो मुलूख म्हंजे रेल्वेचा फलाट केला, अन् बायकोच्या गाडीले झेंडी दाखवाले खरा गार्ड आणला.

तालमीत गवई वळला. बायकोचं काम करणारी स्वप्नाली एक पाय पायरीवर, एक फलाटावर ठेवून गात होती. भीमरावनं झेंडी उघडलीच नाई.

"काका, तो वळला की हिरवी!" कस्तुरी वरडली.

"बाईचा पाय खाली हाय."

"अहो, मतलब खोटी गाडी आहे ती!"

"पाय तं खरा हाय न?"

सारे हासले. भीमराव नाई हासला. त्याची बायको आनंदी दवाखान्यात वारली, तवा थो फुलेऱ्याच्या फलाटावर मालगाडीले हिरवी दाखवत होता. निरोप मिळाला तवा गाडी सुटली होती, अन् गार्डाले मधात उतरता येत नाई. अजमेरपावतर थो तसाच बसून गेला.

तालमीत चार डाव हेच झालं. कस्तुरी म्हणे, "उद्या असं केलंत तर दुसरा माणूस उभा करीन." भीमराव म्हणे, "करा." पण सकाळी वर्दीले इस्त्री त्यानंच केली.

खेळाच्या दिवशी गवई वळला. बाजा थांबला. झेंडी काखेतच. कस्तुरी पडद्यामांगून हात हालवून थकली. भीमराव स्वप्नालीकडं पाहून राह्यला होता, जसं काई तिची वळख पटून राह्यली. लोकाइले वाटलं, असंच असन.

शेवटी स्वप्नाली गाणं सोडून हळूच बोलली, "काका, जाऊ द्या आता."

"पाय वर घे मंग," भीमराव म्हणे. "सांभाळून."

तिनं पाय वर घेतला. त्यानं शिट्टी मारली अन् हिरवी दाखवली, हात पुरा ताणून. गाडी दिसेनाशी झाली तरी हात खाली आला नाई.

टाळ्या संपल्यावर कस्तुरी आलीच. "दोन मिनिटं उशीर, काका! दोन मिनिटं!"

"लिहा गार्डाच्या नावावर." त्यानं झेंडी गुंडाळली. "उद्या बी खेळ हाय न?"

"आहे. पण वेळेवर."

"पाहू," भीमराव म्हणे.