हौसाबाईचा धवला टीव्हीवर

भाईंदरच्या खाडीकडच्या राई गावात पूर्वी भटजी उशिरा आला तरी चालायचं, पण हौसाबाई उशिरा आलेली चालत नसे. ती धवलारीण. हळदीला आणि लग्नाला धवले गायचे, देवांना नावानिशी मांडवात बोलवायचं, नवरीला सासरी धाडायचं, हे सगळं तिच्या गळ्यातून व्हायचं. चाळीस वर्षं ती हे करत आली. मग डीजे आले, हॉल आले, आणि हौसाबाईला बोलावणं वर्षाकाठी एखाददुसरं येऊ लागलं. त्यामुळे शेजारच्या रुक्मिणीने आपल्या नातीच्या, दिशाच्या हळदीची सुपारी तिच्या हातावर ठेवली, तेव्हा म्हातारी चार दिवस हवेत होती. दिशाच्या आईची हळद तिनेच गायली होती, आता लेकीची गाणार होती.

आणि नेमकी तेव्हाच ती टीव्हीवाली मुलगी आली.

मुलीचं नाव रीमा. वादळात किनाऱ्यावरच्या लोकांची घरं गेली, होड्या गेल्या, माणसं गेली, त्यांच्या मदतीसाठी मोठमोठे गायक टीव्हीवर गाणार होते. मध्ये मध्ये इथल्या मातीतला आवाज हवा होता. "आजी, तुमचं सगळ्यात जुनं गाणं म्हणा," रीमा म्हणाली.

आता सगळ्यात जुनं गाणं म्हणजे धवला. आणि मांडव नसताना धवला गायचा नाही, हे हौसाबाईला तिच्या आईने कान पिळून शिकवलं होतं. तिने आढेवेढे घेतले. पण काम पुण्याचं, समोर माईक, आणि दारात गोळा झालेल्या सगळ्या आळीचे डोळे तिच्यावर. मोह कुणाला सुटलाय! तिने देवापुढे नारळ ठेवला, चूकभूल माफ कर म्हणाली आणि गायली:

"चालली गो माझी लेक पल्याडच्या गावाला,
नको वलून बघू बाय, आता मागच्या दाराला."

पल्याडचं गाव म्हणजे खाडीच्या पलीकडचं. राईच्या कितीतरी मुली तिकडे दिलेल्या. हौसाबाईची स्वतःची लेक चांदणीही नायगावला दिलेली, दोन पोरांची आई. आठवड्याला तिचा फोन येतो आणि फोनवर निम्मा वेळ ती सासूची गाऱ्हाणी सांगते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हौसाबाईचा नवरा काशीनाथ याने टीव्ही ओट्यावर आणून ठेवला. अर्धी आळी अंगणात बसली. रुक्मिणीही नातीला घेऊन पुढेच बसली होती. चकचकीत कपड्यांतले गायक नाचून गेले, कुणीतरी धुरातून वर आलं, एकीने इंग्रजीत गाणं म्हटलं. पोरं खूश, म्हाताऱ्या जांभया देत होत्या. मग दिवे मंद झाले आणि हौसाबाईचा आवाज आला.

आवाज तिचा होता, पण पडद्यावर ती नव्हती. पडद्यावर फुटलेल्या होड्या होत्या. मग वादळात गेलेल्यांचे फोटो, एकेक करून, हार घातलेले. खाली हिंदीत अक्षरं: 'चली गई मेरी बिटिया उस पार.' शेवटी हौसाबाईचा चेहरा दिसला, आणि निवेदक भरल्या गळ्याने हिंदीत म्हणाला की समुद्राने जिची मुलगी हिरावून नेली, त्या आईचा हा आक्रोश आहे. स्टुडिओतली माणसं उभी राहिली. एक गायिका ओक्साबोक्शी रडत होती.

अंगणात मात्र कुणी हललं नाही.

"आगो, या तं हलदीचं गानं," कुणीतरी हळूच बोललं.

रुक्मिणी उठली, नातीच्या डोक्यावर पदरासारखा हात धरला आणि तिला घेऊन घरी गेली. जाताना तिने हौसाबाईकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई नेहमीसारखी मीरा रोडला भाजीची पाटी घेऊन बसली, तर गिऱ्हाईकांची रांग. भाजीसाठी नव्हे, सांत्वनासाठी. बिल्डिंगमधल्या बायका येऊन तिचा हात धरत होत्या.

"मौसी, आपने कभी बताया नहीं! इतना दर्द लेके बैठती हो?"

"अरे मेरी बेटी जिंदा हाय! नायगाव में हाय! कल फोन आया उसका!"

"हाँ मौसी. वो आपके दिल में हमेशा ज़िंदा रहेगी."

"दिल में न्हाय गो बाय, नायगाव में!"

ती जितकं ओरडून सांगे, तितकं त्यांना वाटे की बिचारीचं दुःखाने डोकं फिरलंय. एकीने तर मेथीची जुडी उचलली, भाव न विचारता नोट ठेवली आणि डोळे पुसत निघून गेली. हौसाबाईने आयुष्यात फुकटचं घेतलं नव्हतं. ती सुटे घेऊन तिच्या मागे धावली, तर बाईने तिला मिठीच मारली. आता मिठीत सापडलेल्या माणसाने भांडायचं तरी कसं?

घरी येऊन तिने काशीनाथकडून रीमाचा नंबर लावून घेतला.

"आजी!" रीमा किंचाळलीच. "काय रिस्पॉन्स आहे माहितीये? लोक अजून रडतायत! सगळ्यात जास्त मदत तुमच्या गाण्यानंतर आली!"

"पोरी, ता लगनाचं गानं हाय. माजी पोर मेली न्हाय."

मग रीमाचा आवाज खाली आला. "अरे देवा. आम्हाला वाटलं, 'पल्याड' म्हणजे... इतकं दुःखी वाटतं ना ते."

"मंग सांगा तसं टीव्हीवर. चूक झाली म्हनून सांगा."

"आजी, आता सांगितलं तर लोकांना वाटेल फसवलं. मदत थांबेल. ज्यांची घरं गेलीयेत त्यांनी काय करायचं?"

हौसाबाईने फोन खाली ठेवला. शिव्या तोंडात आल्या होत्या, पण त्या द्यायच्या कुणाला? उघड्यावर पडलेल्या माणसांच्या डोक्यावर पत्रा येत असेल तर आपण तोंड उघडायचं कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी रुक्मिणी आली. बसली नाही, पाणीही घेतलं नाही.

"हौसा, राग धरू नको. पन जा गानं मेलेल्यांच्या फोटोवर वाजला, ता माझ्या नातीच्या हलदीला नको. पोर सासरी चाललीय गो. तिच्या सासरच्यांनी पन बघलाय."

"अगो, तुजी हलद माझ्या आयनी याच गान्यानी लावली!"

"मना ठाऊक हाय. म्हनून तं जास्त भीती वाटते."

हौसाबाईने आत जाऊन सुपारी आणली आणि परत केली. मांडवाशिवाय धवला गायला कुणी सांगितलं होतं, असं रुक्मिणीने एकदा तरी म्हणायला हवं होतं, म्हणजे भांडता आलं असतं. ती तसं काहीच म्हणाली नाही.

दिशाच्या हळदीच्या दिवशी दुपारपासूनच डीजेने भिंती हलवल्या. हौसाबाई दार लावून वाल सोलत बसली होती. तेवढ्यात कडी वाजली. तिला वाटलं, रुक्मिणीने मन बदललं, कुणाला तरी बोलवायला धाडलं. ती केस सारखे करत उठली.

दारात एक अनोळखी माणूस होता. अमोल नाव, भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत राहतो, पत्ता रीमाकडून घेतला म्हणाला.

"आजी, माझे बाबा गेले. परवा शोकसभा ठेवतोय. बाबांनी टीव्हीवर तुमचं गाणं ऐकलं होतं, मग मोबाइलवर रोज लावायला सांगायचे. तुम्ही येऊन म्हणाल का? गाडी पाठवतो."

इतक्या दिवसांचा सगळा संताप तिच्या तोंडाशी आला. "अरे, ता नवरीला सासरी धाडायचं गानं हाय! तुज्या बापाचं लगीन लावू काय रे?"

अमोल गोंधळला. त्याला समजलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. "सॉरी आजी," तो म्हणाला. "पण त्यांना ते ऐकून बरं वाटायचं." त्याने हात जोडले आणि डीजेच्या दणदणाटातून वाट काढत निघून गेला.

हौसाबाई उंबऱ्यावर बसली. लग्नघर तिला नको म्हणत होतं आणि मरणघर गाडी पाठवत होतं. तिला रडू यावं तर तेही येईना, नुसती चीड येत होती.

काशीनाथ मागे येऊन उभा राहिला. फार बोलणारा गडी नव्हे तो. "चल," म्हणाला, "माझ्यासाठी गा. आपली हलद लागली तवा तुज्या आयनी गायलेला तसा. मी ऐकतंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग आत येऊन, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून ती गाऊ लागली. बाहेरचा गोंगाट तिला ऐकू येईनासा झाला. आवाज लागला होता, अगदी मांडवात लागतो तसा. लेक चालली, पल्याडच्या गावाला चालली. दुसरी ओळ झाली, तिसरीला तिने डोळे उघडले.

काशीनाथ पंच्याने डोळे पुसत होता.

तिचं गाणं तुटलं. "चांदणी नायगावला हाय ना वो?"

"हाय की. सकालीच फोन झाला."

"मंग रडताव कशाला?"

काशीनाथने पंचा बाजूला ठेवला. "ते टीव्हीवरचे हार घातलेले फोटो डोल्यासमोर आले गो," तो म्हणाला. हौसाबाई चौथी ओळ आठवत बसली.