माझे मौन मागून घेणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई कामतघरच्या बालवाडीत पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा मी त्यांच्याशी एक अक्षरही बोलले नाही. माझी मंगल तीन वर्षांची होऊनही बोलत नव्हती. ती बोलेपर्यंत रोज दिवेलागणीपर्यंत मौन पाळीन, असा मी नवस केला होता. तिथे दर शनिवारी मुलांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई येतात असे कळले, म्हणून सासूबाई आणि मी मंगलला घेऊन गेलो. त्याच कुसुमताई. माझ्या वतीने सासूबाईच त्यांना म्हणाल्या, "पोर न्हाय बोलत, म्हणून सून पण मुकी झाली. आता भांडू कुनाशी?"

ताई माझ्या व्रताला हसल्या नाहीत. त्यांनी मंगलचे कान तपासून घेतले. ते चांगले होते. मग त्या घरीच आल्या. खाली कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, त्यामुळे आमची पुरुषमंडळी हातानेच बोलत. मंगलने बोट दाखवले की मी मुकाट्याने पाणी देई. ताई माझ्या परातीपाशी बसून तासभर मंगलशी बोलल्या. तिच्याकडून उत्तर नाही, तरी त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा नाही. देवाशी बोलावे तशा त्या बोलत होत्या.

"वहिनी, व्रत सोडू नका, बदला. जे कराल ते तिच्यासमोर बसून, बोलत करा. तिनं बोट दाखवलं की लगेच देऊ नका. थांबा."

मी घाबरले. तेव्हा ताईच आमच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "हिचं मौन मी मागून घेतलंय. दोष असेल तो माझा."

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केले. "पीठ घेतलं, पाणी घातलं," असे तिच्यासमोर बोलत राहिले. कित्येक शनिवार, अजून शब्द नाही म्हणून, मी नुसती मान हलवी आणि ताई म्हणत, "थांबू या." शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या आईलाही त्या सांगत, "आप अपनी ज़बान में ही बोलिए."

एका संध्याकाळी ताईंनी शिकवल्याप्रमाणे मी निरांजनात मुद्दाम तेल घातले नाही. जीवावर आले, पण कोरड्या वातीपुढे काडी ओढून थांबले. मंगलने बोट दाखवले. मी हलले नाही. काडी बोटापर्यंत आली.

"तेय," मंगल म्हणाली.

शनिवारी ताईंना सांगितले. त्यांनी श्रेय घेतले नाही. वहीत 'तेय' लिहिले आणि मंगललाच विचारले, "किती तेल गं?"

मंगल आता सातवीत आहे. सासूबाई म्हणतात, "आता मौनाचा नवस हिलाच बोलायला लाव."

ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. रोज दिवा लावताना मी त्यांच्यासाठी निरोगी, उदंड आयुष्य मागते. मनातल्या मनात नाही. खालच्या लूमवरही ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने.