एकटीनं घातलेली चादर

माझ्या थोरल्या जाऊबाईंना हॉटेलात सगळे इस्त्रीबाई म्हणायचे. त्यांनी लावलेल्या बेडवर सुरकुती दाखवील त्याला चहा पाजीन, अशी पैज मॅनेजरनं लावली होती. सोळा वर्षांत त्याला एक कप चहा पाजावा लागला नाही. तसाही तो चिक्कूच.

सोळा वर्षं आमची जोडी. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. चादर झटकायची, दोघींनी एकदम हात वर न्यायचे, आणि ती खाली बसते न बसते तोवर चारी कोपरे गादीखाली. तोंड चालूच. निम्म्या नातेवाइकांची उणीदुणी आम्ही त्या बेडांवरच काढली. घरं शेजारी शेजारी, मधे एक भिंत, तेव्हा भांडणंही व्हायची. पण ती घरी व्हायची आणि हॉटेलात मिटायची, कारण चादरीचं दुसरं टोक जिच्या हातात, तिच्याशी अबोला धरणार कसा?

मग मालक थकले आणि हॉटेल विकायला निघालं. मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना कपडे धुण्याच्या खोलीत बोलावलं. म्हणाला, गिऱ्हाइकं दोन आहेत. एक इथलाच, तो इमारत पाडून फ्लॅट बांधणार. दुसरी परदेशी कंपनी, ती हॉटेल हॉटेल म्हणूनच चालवणार. मी विचारलं, त्यांच्याकडची हॉटेलं संपली की काय? भाषणाची हौस त्याला पहिल्यापासून. त्यानं बोटांवर मोजून सांगितलं: विमानतळ झालाय, सरकारनं दहा वर्षं कर माफ केलाय, नफा मायदेशी न्यायला आडकाठी नाही, खिडकीतून पाणी दिसतं, एकदा आलेला पाहुणा पुन्हा येतो. आणि इथली माणसं मेहनती आहेत. हे शेवटचं तो आमच्याकडे बघून म्हणाला, आणि आम्ही मेल्या खूश झालो.

मला त्या नोकरीची गरज होती. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, लेक नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. हे जाऊबाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लेकीला तिथं घालायचा हट्टसुद्धा त्यांचाच. कंपनीची माणसं हॉटेल बघायला यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी घरी जाताना त्या म्हणाल्या, उद्या असं काम दाखवू की त्यांनी हॉटेल घेतलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं आली. एक उंच बाई आणि एक हसरा माणूस. त्यांनी नळ सोडून पाहिले, कपाटं उघडली, बेडखाली वाकून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी बेड लावत होतो. मोठा बेड, गादी अशी जड की उचलताना कमरेतून कळ यायची. त्या माणसानं मॅनेजरला काहीतरी विचारलं आणि मॅनेजरनं आमच्या भाषेत सांगितलं: याला नेहमी दोघी लागतात का, असं विचारतायत.

जाऊबाईंनी माझ्या हातातलं चादरीचं टोक घेतलं. "तू बाजूला हो," म्हणाल्या.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी एका बाजूनं उशीपासून पायथ्यापर्यंत सगळं केलं, वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं वर आल्या. एकच वळसा. ती उंच बाई मोबाइलवर वेळ लावून बघत होती. झाल्यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या. जाऊबाईंचा चेहरा लाल झाला होता, दम लागला होता, आणि खरं सांगते, मलाही अभिमान वाटला. मूर्ख मी. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

हॉटेल त्यांनी घेतलं. महिन्याभरात पत्रं आली. यापुढं एका खोलीला एकच बाई. जोड्यांमधल्या एकेकीला कमी केलं, जी सावकाश तिला. आमच्या जोडीतली सावकाश मी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात त्यांचा आणि अवलक्षण माझ्या वाट्याला. मी त्यांच्या दारात जाऊन नको नको ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "मला हॉटेल वाचवायचं होतं गं." मी म्हटलं, "वाचलं ना. बसा आता त्याला ओवाळत."

लेकीनं शिक्षण सोडलं आणि कापडाच्या दुकानात उभी राहिली. तिनं तक्रार केली नाही, हेच मला जास्त लागलं. जाऊबाईंनी दोनदा पाकीट पाठवलं, दोन्ही मी परत केली. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. रोज संध्याकाळी त्या कामावरून आल्या की भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू यायचं. मी ऐकायची आणि नळ सोडायची. माझ्यासारखी निष्ठुर बाई नाही.

एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच गादी उचलताना त्यांची कंबर गेली. उठताच येईना. कंपनीनं फुलं पाठवली आणि त्यांच्या जागी दुसरी घेतली. भाऊजी कामाला जायचे, दिवसभर घरात कुणी नाही. शेवटी मीच गेले. अंथरूण ओलं झालेलं होतं. त्यांना कुशीवर वळवलं आणि खालची चादर ओढायला लागले. एका हातानं त्यांना धरायचं, दुसऱ्या हातानं चादर काढायची. जमेना. त्यांना दुखत होतं.

मग भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "याला दोघी लागतात गं."

माझे हात थांबले. हेच, एवढंच, त्या दिवशी त्या माणसाला सांगायचं होतं. मला ओरडावंसं वाटलं, त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही झालं नाही. मी लेकीला हाक मारली. ती दुकानातून नुकतीच आली होती. पर्स खांद्याला तशीच ठेवून ती समोर येऊन उभी राहिली आणि तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं.

कोपरा कसा दुमडायचा ते तिला येत नव्हतं. जाऊबाईंनी पडल्या पडल्या सांगितलं, आधी पायाकडचा, मग बाजूचा, आणि सांगता सांगता त्यांना बोलवेना.