रत्नाबाईचं नाक

नवापूरच्या रत्नाबाईची चाळीस वर्षं उन्हात बोंबील वाळवण्यात गेली. नाकाच्या कडेला चकचकीत फोड आला. खपली धरायची, निघाली की रक्त यायचं. बोईसरचा एक डॉक्टर दोन वर्षं मलमच देत राहिला. "उन्हाचं आहे, जाईल."

शेवटी सून स्वाती तिला पालघरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी मुलगा अंकुश एकटाच आत गेला. आईला म्हणाला, "तू बस बाकावर."

बाहेर येऊन म्हणाला, "काय नाय आई, थोडा शेक द्यायचाय."

त्याचा चेहरा बघून रत्नाबाई उठली ती सरळ आत. "बाई, नाक माझं हाय. मला सांगा."

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. "चुकलं मावशी. त्वचेचा कॅन्सर आहे. पण सुरुवातीचा आहे, हा सहसा पसरत नाही. ऑपरेशन करून काढायचा, कडा तपासायच्या, शेजारची कातडी सरकवून जागा भरायची. नाहीतर मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, काही आठवडे मुंबईला जाऊन. ऑपरेशन झेपत नाही त्यांना तो देतात."

"आणि मलम?"

"खास मलम असतं, गोठवूनही घालवतात. पण अगदी वरवरचा असेल तर. तुमचा खोल गेलाय."

"दोन वर्षांपूर्वी वरवरचा होता?"

"नक्की नाही सांगता येत. लहान मात्र असणार."

अंकुश मधे बोलला, "नाकावर व्रण राहील, लोक बघतील. शेकच बरा."

"लोक बोंबील घ्यायला येतात, माझं नाक नाय. कापा बाई."

परतताना ती बोईसरला उतरली. भरल्या दवाखान्यात त्या डॉक्टरपुढे रिपोर्ट आपटला. "वाचा."

"मावशी, असं पटकन ओळखता येत नाही..."

"नाय ओळखलं तर मोठ्या डॉक्टरकडं धाडायचं होतं! दोन वर्षं काय लावत होता तोंडाला?"

त्याने रिपोर्ट घडी घालून परत तिच्याकडे सरकवला. बाकावरची एक बाई मुलाला घेऊन उठून गेली.

ऑपरेशन झालं. कडा स्वच्छ निघाल्या. स्वाती आनंदाने रडली. नाक मात्र एका बाजूला ओढलं गेलं.

दर सहा महिन्यांनी रत्नाबाई तपासणीला जाते. परवा पाहुण्यांनी विचारलं तर अंकुश म्हणाला, "गळू होतं."

"गळू नाय," रत्नाबाई आतून ओरडली, "कॅन्सर होता! सांग ना, लाजतोस कशाला? तुमच्या या लपवालपवीत माणसं मरतात."

पाहुणे चहा तसाच ठेवून बसले. तिनेच बाहेर येऊन त्यांना सगळं सांगितलं.